पोळे जाळण्यापासून पेटी सांभाळण्यापर्यंत

आपल्या मराठी बोलण्यात मधमाशीने बरीच जागा अडवून ठेवली आहे. सभेत गडबड उडाली की मोहोळ उठले. नसत्या भानगडीत कोणी हात घातला की त्याने मोहोळाला धोंडा मारला. मनात जुन्या गोष्टी दाटून आल्या की आठवणींचे मोहोळ. सोलापूर जिल्ह्यात तर मोहोळ नावाचे तालुक्याचे गावच आहे. पण गंमत अशी बघा, या सगळ्या बोलण्यात मोहोळ नेहमी उठलेले असते. ते सुखाने बसलेले कोठे फारसे ऐकू येत नाही. माशी म्हटली की डंख, पळापळ आणि डोक्यावर ओढलेली घोंगडी, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते.

अशा या उठणाऱ्या मोहोळाला घर देऊन नांदवण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डोंगरी मुलखाने केले. तो मुलूख म्हणजे सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर आणि त्याच्या भोवतीची खोरी. तेथली थंड हवा, पॉइंट आणि स्ट्रॉबेरी आपल्याला ठाऊक असते. बाजारातल्या दुकानांत मांडलेल्या मधाच्या बाटल्याही आपण पाहिलेल्या असतात. पण त्या बाटलीमागे पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा एक इतिहास आहे, आणि तो खेड्यातल्या माणसाने व शाळेतल्या गुरुजींनी ऐकण्यासारखा आहे. म्हणून आज तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

आधी माणसाची आणि मधाची ओळख किती जुनी ते थोडक्यात पाहू. मध्य प्रदेशात पंचमढीच्या डोंगरात जुनी गुहाचित्रे आहेत. त्यांत मध काढणारी माणसे रंगवलेली दिसतात. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आणि माशी बदलली की मध बदलतो हे त्या काळी नोंदवून ठेवले. म्हणजे आपल्याकडे मधाचे ज्ञान होते, मधाचा उपयोगही होता. काश्मीरकडे घराच्या भिंतीत पोकळी ठेवून तीत माशा नांदवण्याची रीत होती. आणखी काही डोंगरी भागांत मडक्यात किंवा पोकळ ओंडक्यात माशा पाळीत. आपल्या सह्याद्रीत मात्र मध ही पाळण्याची वस्तू नव्हती, ती रानातून आणण्याची वस्तू होती.

आता महाबळेश्वराकडे वळू. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे पंचगंगेचे देवस्थान, फार जुने. पण आज जो बाजार आपण पाहतो तो इंग्रजी अमदानीतला. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी डोंगर चढून येथे आला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला ही हवा मानवली, आणि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा इंग्रजांकडे गेली. गव्हर्नराच्या नावाने जी पेठ वसली ती माल्कम पेठ. उन्हाळ्यात साहेबलोक आणि त्यांच्या मागून मुंबई-पुण्याची बडी मंडळी वर येऊ लागली, की पेठ गजबजे. खालच्या कोयना-सोळशीच्या खोऱ्यांतली माणसे डोक्यावर पाट्या घेऊन घाट चढत. त्यांत सरपण असे, हिरडा असे, कोंबड्या असत आणि रानातला मध व मेणही असे. डोंगरातल्या माणसाला नगद पैसा दाखवणारी ही पेठ होती. नाचणी-वरी पिकवून पोट भरे, पण मीठ, कापड आणि सरकारी धारा यांना पैसाच लागे.

हा मध काढीत कसा? जुन्या पद्धतीचे वर्णन ऐकायला गोड नाही. आग्या माशीचे पोळे उंच कड्याला किंवा मोठ्या झाडाला उघड्यावर लोंबते. ते रात्री काढावयाचे. पेंढ्याचे, पाल्याचे पेटते बोळे वर न्यायचे, माशा भाजून किंवा बिथरून खाली पडायच्या आणि मग पोळे कापून घ्यायचे. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, वारुळात, कड्याच्या कपारीत राहते. तिच्यासाठी कुऱ्हाडीने ढोली फोडायची, धूर कोंबायचा आणि हाताला येईल तो कांदा बाहेर ओढायचा. पोळ्याच्या एका भागात मध, एका भागात परागकण आणि एका भागात अंडी व अळ्या असतात. ते सगळे एकत्र फडक्यात घालून पिळायचे. त्यामुळे मधात अळ्यांचा रस उतरे, मध लवकर आंबे आणि पेठेत त्याला भावही कमीच येई. पुष्कळदा राणी मरे, आणि राणी मेली की ती वसाहत संपली. शिवाय एखादी ठिणगी गवतात पडली तर वणवा लागे, तो वेगळाच.

आता या माणसांना आपण येथे बसून नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी उभे राहून विचार करा. रानातल्या मधाला कुंपण नसते. आज आपण अर्धे पोळे ठेवून आलो, तर उद्या दुसरा कोणी येऊन ते नेणार. मग ठेवायचे कोणासाठी? त्यात कायद्याने तर रान त्याचे नव्हतेच. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनोपजाची जी व्याख्या केली, तीत हस्तिदंत, शिंगे, कातडी यांच्या पंगतीला मध आणि मेणही बसवले आहे. ज्या वस्तूवर आपला हक्क नाही, ती टिकवण्याची जबाबदारी कोण घेईल? जाळपोळ अडाणीपणातून होत असे हे पुरते खरे नाही. ज्याला उद्याच्या मधात वाटा नाही, तो आजचे पोळे जाळतो. आपल्या साऱ्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे, असे मला वाटते.

हा वाटा माणसाला मिळायचा तर माशी एका जागी नांदली पाहिजे. त्यासाठी तिचा संसार समजून घेणे आले. सातेरीच्या एका वसाहतीत दहा हजारांच्या वरखाली माशा असतात. राणी एकच. ऋतू चांगला असला की ती दिवसाला काही शे अंडी घालते. बाकीच्या बहुतेक साऱ्या कामकरी माशा, त्याही माद्याच. थोडे नर असतात. त्यांना नांगी नसते आणि मध गोळा करण्याचे कामही नसते. सातेरीचे घर काळोखात असते आणि तीत अनेक पोळी एकाशेजारी एक, समांतर टांगलेली असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी करामत तिच्यावरच अवलंबून आहे. आग्या आणि फुलोरी या दोन्ही माशा उघड्यावर एकच पोळे बांधतात, म्हणून त्या पेटीत राहत नाहीत. पेटीत राहील ती काळोखाची सवय असलेली सातेरीच.

फुलोरा वाढला, घरात मध आणि पिले भरपूर झाली, जागा अपुरी पडू लागली, की मोहोळ फुटते. शाळेत मुलांना हे जरूर सांगावे. कामकरी माशा पोळ्याच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती मोठी घरे बांधतात. त्यांत नव्या राण्या वाढू लागतात. ही घरे बंद झाली की जुनी राणी अर्ध्याअधिक माशांना बरोबर घेऊन घर सोडते. आपल्याकडे मुलगी सासरी जाते. येथे आईच भरला संसार लेकीला देऊन बाहेर पडते! निघण्यापूर्वी माशा पोटभर मध पिऊन घेतात. सगळा थवा जवळच्याच एखाद्या फांदीला द्राक्षाच्या घोसासारखा लटकतो. या वेळी राखायला घर नसते, पिले नसतात, पोट भरलेले असते. त्यामुळे हा घोस बहुधा शांत असतो. लोक मात्र नेमके यालाच भिऊन धोंडे मारतात किंवा पलिते लावतात.

तो घोस तेथे का थांबतो? तर घर शोधण्यासाठी. काही जाणत्या माशा चहूकडे जाऊन ढोल्या पाहून येतात आणि घोसावर नाचून आपापल्या जागेची दिशा व अंतर इतरांना सांगतात. माशीच्या नाचाची ही भाषा कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडली. त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा शिष्य मार्टिन लिंडाउअर याने दुसऱ्या महायुद्धानंतर म्युनिक शहरात एक मजेची गोष्ट पाहिली. घोसावर नाचणाऱ्या काही माशा काजळीने काळ्या, तर काही विटांच्या भुकटीने लाल झाल्या होत्या. त्या फुलांवरून आल्या नव्हत्या. धुराड्यांत आणि पडक्या भिंतींत शिरून त्या घरे पाहून आल्या होत्या. हळूहळू एका जागेच्या बाजूने नाचणाऱ्या वाढतात, बाकीच्या गप्प होतात आणि सगळा थवा एकदम उठून त्या जागी जातो. पंचायतीत एवढे एकमत आपल्याला कधी साधेल कोण जाणे!

या घोसाला मनासारखी जागा आपणच दिली तर? पेटीमागची कल्पना इतकी साधी आहे. पण केवळ खोके देऊन भागत नव्हते. माशा पोळी खोक्याच्या भिंतींना चिकटवून टाकीत आणि मध काढायचा तर पोळे फोडावेच लागे. ही अडचण अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली सोडवली. दोन पोळ्यांमध्ये आणि पोळे व भिंत यांमध्ये माशीला ये-जा करण्यापुरती, म्हणजे साधारण बोटाच्या जाडीहून कमी अशी ठराविक फट ठेवली, तर माशी ती बुजवीत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मग सुट्या चौकटी टांगलेली पेटी तयार झाली. पुस्तकाची पाने उलटावीत तशी एकेक चौकट वर काढून पाहता येऊ लागली. १८५७ साली जर्मनीत मेरिंगने मेणाचा छापील पत्रा केला, तो चौकटीत बसवला की माशीचे कष्ट वाचतात. १८६५ साली हृश्काने गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र दाखवले. पोळे न मोडता मध बाहेर येतो आणि रिकामे पोळे माशीला परत देता येते. चौदा-पंधरा वर्षांत या तीन शोधांनी मधाच्या धंद्याचे रूप पालटले.

ही पेटी आपल्या देशात आली ती आधी बंगालमध्ये. १८८० नंतर तेथे टपाल व तार खात्यातील डग्लस नावाच्या अधिकाऱ्याने तिचे प्रयोग केले आणि १८८४ साली त्यावर पुस्तकही लिहिले. पण विलायती माशीच्या मापाची पेटी आपल्या लहानखुऱ्या माशीला वाड्यासारखी मोठी पडे. दक्षिणेत तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी १९१० नंतरच्या दशकात आपल्या माशीच्या मापाची लहान, स्वस्त पेटी तयार केली आणि खेड्यांतल्या लोकांना ती वापरायला शिकवले. पुढे आपल्याकडे जी पेटी रूढ झाली तिचे मूळ या न्यूटन पेटीत आहे. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाशीपालन हा शेतकऱ्याला जोडधंदा होईल असे सुचवले.

याच सुमारास देशात ग्रामोद्योगाचे वारे वाहू लागले. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. घाणीचे तेल, हातकुटाचा तांदूळ, हातकागद यांच्याबरोबर मधमाशीपालनही आले. माशी न मारता मिळणारा मध हा अहिंसेच्या दृष्टीने त्यांना महत्त्वाचा वाटला. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी आपल्या अर्थशास्त्रात मधमाशीला मानाची जागा दिली. माकड बागेत शिरून फळे ओरबाडते, ती लुटीची अर्थव्यवस्था. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते, ती समूहाची अर्थव्यवस्था, असे ते सांगत. आपल्या डोंगरातल्या मधाचा प्रश्न नेमका हाच होता. लुटीचा मध समूहाचा कसा करावयाचा?

१९४६ साली त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या ग्रामोद्योग समितीने महाबळेश्वरला मधमाशीपालनाचे काम सुरू केले. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ त्या वर्षी अधिकारावर आले होते आणि सहकाराचे व्रत घेतलेले वैकुंठभाई मेहता त्यात मंत्री होते. हेच वैकुंठभाई पुढे अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योगाच्या कामाचे अध्यक्ष झाले. महाबळेश्वर निवडण्यात शहाणपण होते. जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनी यांची दाट राने; सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर निळाजांभळा करून सोडणारी कारवी; ढोल्याढोल्यांतून सातेरी माशी; आणि मध विकत घ्यायला पेठेत येणारे पाहुणे. माशी, फूल आणि गिऱ्हाईक, तिन्ही एका डोंगरावर हजर.

काम मात्र सोपे नव्हते. ज्या हातांना कुऱ्हाडीची सवय, त्यांना राणी शोधायला शिकवायचे होते. ढोलीतले मोहोळ पेटीत कसे आणतात ते ऐका. दिवस मावळतीला आला की थोडा धूर द्यायचा, जाळ नाही. ढोलीचे तोंड बेताने मोठे करून एकेक पोळे अलगद कापायचे. अळ्यांचे पोळे फेकायचे नाही; ते चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधायचे. दोनतीन दिवसांत माशा ते मेणाने चिकटवून घेतात. राणी सापडली की ती पेटीत सोडायची. मग बाकीच्या आपण होऊन मागे येतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंगळे चढत नाहीत. यातली एकेक गोष्ट हातानेच शिकावी लागते. ज्यांना रानातले मोहोळ कोठे असते हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, तीच माणसे या कामात सर्वांत तरबेज ठरण्यासारखी होती. जुनी विद्या टाकून देण्याची गरज पडली नाही, तिचा उपयोग बदलला.

शिवाय सातेरी मोठी मानी. मोहोळ फुटणे वेगळे आणि मोहोळ पळणे वेगळे. फुटते तेव्हा घर भरलेले असते; पळते तेव्हा घरात काहीतरी बिघडलेले असते. खायला उरले नाही, मेणकिडा लागला, ऊन लागू लागले, कोणी वारंवार पेटी उघडू लागले, की ती सगळी वसाहत घेऊन निघून जाते. तिला दावे बांधता येत नाही. गाय गोठ्यात बांधतो तशी माशी पेटीत बांधली असे म्हणता येत नाही. रोमचा सम्राट जस्टिनियन याच्या ५३३ सालच्या कायदेग्रंथात म्हटले आहे की, तुमच्या पोळ्यातून उडालेला थवा तुमच्या नजरेत आहे आणि तुम्ही त्याच्या मागावर आहात, तोपर्यंतच तो तुमचा. नजरेआड झाला की जो धरील त्याचा. चौदा शतकांहून अधिक काळ लोटला तरी ही गोष्ट बदललेली नाही. मधपाळाची मालकी त्याच्या लक्ष देण्याएवढीच असते.

त्यात महाबळेश्वरचा पावसाळा! जूनपासून चार महिने धो धो पाऊस, धुके आणि वारा. माशीला बाहेर पडता येत नाही. त्या दिवसांत साखरेचा पाक करून पेटीत ठेवावा लागतो, नाहीतर पेट्या रिकाम्या होतात. म्हणजे चैत्र-वैशाखात जांभळा-हिरड्याचा मध घ्यायचा तो सगळा ओरबाडून चालत नाही, काही माशीसाठी ठेवावा लागतो. आणि पावसाळ्यात उलट तिलाच खाऊ घालायचे. ज्या डोंगरात पोळे जाळीत, त्याच डोंगरात पावसात भिजत जाऊन माशांना पाक घालणारी माणसे तयार झाली. हा बदल मला फार मोठा वाटतो. उद्याच्या मधात वाटा मिळाला, म्हणून हे घडले.

मध विकण्याचीही सोय लागली. एकेकट्याने पेठेत बाटली घेऊन बसायचे तर व्यापारी ठरवील तो भाव. त्यावर तोड म्हणून मध उत्पादकांची सहकारी सोसायटी निघाली. तिच्या ‘मधुसागर’ या नावाने महाबळेश्वरचा मध दूरवर पोचला. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला आणि १९६२ साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. डॉ. जी. बी. देवडीकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आपल्या माशीच्या जाती, तिची फुले आणि परागीभवन यांचा अभ्यास केला. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आजही महाबळेश्वरलाच आहे.

इतिहासात चढाबरोबर उतारही असतो. सातेरीची एक वसाहत वर्षाला चार-सहा किलो, फार तर आठ किलोच्या आसपास मध देते. विलायती माशी, जिला मेलिफेरा म्हणतात, ती त्याच्या कितीतरी पट देते. ती माशी १९६० नंतरच्या वर्षांत हिमाचलातील नगरोटा येथे यशस्वीपणे रुजली आणि उत्तरेकडे झपाट्याने पसरली. इकडे सातेरीवर मोठे संकट आले. थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूचा रोग १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात पसरला. यात अळी पेशीतच मरते आणि पाणी भरलेल्या पिशवीसारखी होते. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या दहांतल्या नऊ वसाहती या रोगाने गेल्या. त्यावर औषध नाही. ज्या वसाहती टिकल्या त्यांचीच पुढची पिढी वाढवणे, हाच उपाय.

मग सातेरी सोडून सरसकट विलायती माशी घ्यावी काय? सपाटीवर, जेथे सूर्यफूल किंवा मोहरी सलग शेतांवर फुलते, तेथे ती माशी उपयोगी आहे. पण घाटमाथ्याची गोष्ट निराळी. सातेरी या रानाचीच लेक आहे. व्हॅरोआ नावाच्या ज्या परोपजीवी किड्याने जगभर विलायती माशीचा फडशा पाडला, तो मुळात सातेरीच्याच कुळातल्या माशीवर राहणारा. पण तिने त्याला आवरून धरण्याची रीत केव्हाच शोधली आहे. थोड्या-थोड्या फुलांवर, विखुरलेल्या झाडांवर, थंडीवाऱ्यात हिंडून ती पोट भरते. आणि ती नसेल तर रानात फळ धरायचे कसे? डोंगरउतारावरच्या कारळ्याचेच पाहा. कारळ्याच्या फुलाला आपल्याच झाडाचा पराग बहुतेक चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो, आणि तो आणते माशी. काकडी, भोपळा, कांद्याचे बी यांचाही हिशेब असाच. मधाची बाटली आपल्याला दिसते. माशीने शेतात टाकलेली भर दिसत नाही, म्हणून आपण ती धरीत नाही.

अलीकडच्या दोन गोष्टी सांगून हा इतिहास आजपर्यंत आणतो. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात गौण वनोपजाच्या यादीत मध आणि मेण आहे, आणि परंपरेने रानावर जगणाऱ्यांना त्याची मालकी दिली आहे. १९२७ साली जी वस्तू सरकारजमा मानली होती, ती जवळजवळ ऐंशी वर्षांनी कागदावर तरी डोंगरातल्या माणसाकडे परत आली. दुसरी गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी खादी व ग्रामोद्योग मंडळाने महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे लहानसे गाव ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर केले. देशातले असे हे पहिले गाव. तेथे बहुतेक घरे या धंद्यात आहेत. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावही त्याच वाटेने गेले. मांघरची गोष्ट एका योजनेमुळे एका दिवसात घडलेली नाही. १९४६ पासून तीन पिढ्यांनी भिजत, डंख खात जे शिकून घेतले, त्याला २०२२ साली नाव मिळाले.

तरी निश्चिंत होण्यासारखी स्थिती नाही. पेटी म्हणजे नुसते घर. घराला अंगण लागते, आणि माशीचे अंगण म्हणजे दोनएक किलोमीटरचे रान. जांभूळ तोडला, हिरडा तोडला, गवताला वणवा लावला, फुलावर आलेल्या पिकावर भर दुपारी विषारी औषध मारले, तर पेटी कितीही चांगली असो, ती रिकामीच राहणार. पूर्वी आपण पोळे जाळीत होतो. आता पोळ्याला हात न लावता तेच काम करून बसू, ही भीती आहे.

शेतकरी बंधू-भगिनींना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. फवारणी करणे भागच असेल तर पीक फुलावर असताना टाळा, आणि टाळता येत नसेल तर माशी घरी गेल्यावर, संध्याकाळी करा. शेजारी कोणाच्या पेट्या असतील तर त्याला आधी सांगा. बांधावरचा जांभूळ, करंज, शेवगा राहू द्या. झाडाला माशांचा घोस लटकलेला दिसला तर पलिता लावू नका; पोरांना लांब ठेवा आणि जवळच्या मधपाळाला कळवा. आणि गुरुजन हो, आपल्या हातात तर याहून मोठे साधन आहे. वर्गात एक फुलांची दिनदर्शिका भिंतीवर लावा. कोणत्या महिन्यात कोणते झाड फुलले आणि त्यावर कोणती माशी बसली, हे मुलांकडून लिहून घ्या. दोन-तीन वर्षांत त्या गावच्या रानाचा असा दस्तऐवज तयार होईल की जो कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पूर्वी मोहोळे कोठे बसत, आता कोठे बसतात. इतिहास शिकवण्याची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही.

ज्या मुलाने एकदा राणी माशी डोळ्यांनी पाहिली आणि तिच्यासाठी चार थेंब पाक ठेवला, ते मूल पुढे पोळ्याला पलिता लावणार नाही. आणि मोठेपणी रानाचा, पाण्याचा किंवा गावाच्या सामाईक कामाचा प्रश्न येईल, तेव्हाही ते आधी विचारील, यात उद्याचा वाटा कोणाचा? महाबळेश्वरच्या डोंगराने तो वाटा माणसाला दिला आणि माणसाने माशीला घर दिले. आपल्या गावच्या रानात हे घडवून आणणे आता आपल्याकडे आहे.